दात पाहून दोरा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गळाला लागलेला मासा सुटला, की काठावरचा माणूस पहिली तक्रार करतो ती दोऱ्याची. ‘दोराच कच्चा निघाला हो!’ मीही एकदा असंच म्हणालो होतो. १९८० च्या आसपासची गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. शेजारचे एक ढीवर काकाजी मला वैनगंगेवर घेऊन गेले होते. संध्याकाळी दोरी ताणली गेली, हाताला झटके बसले आणि एकाएकी ती सैल पडली. मी रडकुंडीला आलो. काकाजींनी दोऱ्याचं टोक माझ्या बोटांत दिलं. ते पांढरट आणि खरखरीत झालं होतं. ‘तोडला नाही बाबू, घासला,’ ते म्हणाले. ‘आता गळ त्याच्या तोंडात राह्यला. तो खाईल काय?’

तो प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण दोरा का घासला गेला, हे पुढे कळलं. तेच आज सांगायचं आहे.

मित्रहो, गळ टाकताना दोऱ्याचे दोन भाग धरावेत. एक लांबलचक मुख्य दोरी आणि दुसरा गळाजवळचा हात-दीड हाताचा तुकडा. हौशी मंडळी या तुकड्याला ‘लीडर’ म्हणतात. आपण पुढचा दोरा म्हणू. मुख्य दोरी माशाचं वजन ओढते, पुढचा दोरा त्याच्या दातांशी झुंजतो. म्हणून त्याची निवड वजनावरून नाही, दातांवरून करायची.

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा. नवेगावबांध, इटियाडोह आणि गावोगावचे मालगुजारी तलाव. त्यातल्या रोहू आणि कटल्याच्या जबड्यात दातच नसतात, ते घशात असतात. त्यांना साधा दोरा पुरतो. प्रश्न येतो तो शिकारी माशांचा.

पहिला शिवडा. आपल्याकडचे हिंदी बोलणारे त्याला पढिन म्हणतात. त्याची जिवणी डोळ्यांच्याही मागे फाटलेली. आत बारीक, टोकदार, मागे वळलेल्या दातांचे रुंद पट्टे असतात. हे दात सुरीसारखे कापत नाहीत, कानशीसारखे घासतात. मासा डोकं झटकत राहतो आणि दोरा प्रत्येक झटक्याला थोडा थोडा झिजतो. इथे उपाय म्हणजे जाडी. सात-आठ दशांश मिलिमीटर जाडीचा एकपदरी नायलॉन, म्हणजे आपला तंगूस, ही झीज बराच वेळ सोसतो.

दुसरा मरळ. याच्या खालच्या जबड्यात सुळ्यांसारखे मोठे दात असतात. ते भक्ष्य भोसकून धरण्यासाठी. मरळ शेवाळात आणि कमळाच्या देठांत दबा धरून बसतो आणि लागल्याबरोबर तिथेच घुसतो. म्हणजे दोऱ्याला दातांइतकाच धोका त्या देठांचा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा दणकट नायलॉन इथे चालतो.

तिसरा पाहुणा, दक्षिण अमेरिकेतून आलेला. बाजारात तो रूपचंद म्हणून मिळतो. त्याचं तोंड उघडून पाहा, माणसाच्या दाढा आठवतील. कठीण फळं आणि बिया फोडण्यासाठीच त्या असतात. दोन दाढांमध्ये सापडलेला नायलॉन चिरडून तुटतो. इथे मात्र वीतभर पोलादी तार लावावी.

तार म्हटली की वाटतं, मग सगळीकडे तारच का नको? युरोपातल्या पाइक माशाचे दात खरोखर धारदार असतात, त्यामुळे तिथे तारेशिवाय गळ टाकणं चूकच. पण तारेचेही दोष आहेत. एकपदरी तारेला एकदा पीळ बसला, की ती तिथेच मोडते. अनेक बारीक तारांची वळलेली तार मऊ असते, पण तिचा एक पदर तुटला तरी ती फेकून द्यावी. वर प्लास्टिकचं आवरण असेल, तर आत गंज चढलेला दिसतही नाही.

अलीकडे फ्लोरोकार्बनचा दोरा मिळतो. तो नायलॉनसारखा पाणी शोषत नाही, त्याचा पृष्ठभाग कठीण असतो आणि प्रकाश त्यातून जवळजवळ पाण्यासारखाच वळत असल्यानं तो कमी दिसतो. नितळ पाण्यात याचा फायदा आहे. पण श्रावणातल्या गढूळ तलावात, रात्री मिशांनी चाचपत फिरणाऱ्या शिवड्यासमोर त्यासाठी जास्त पैसे का मोजायचे? विणलेला दोराही लोक घेतात. तो बारीक असून फार ताकदीचा, मुख्य दोरी म्हणून उत्तम. पण ताणलेला असताना दात लागला, की त्याचे बारीक तंतू पटापट तुटतात. त्याच्यापुढे नायलॉनचा तुकडा हवाच.

आणि दोरा कुठलाही घ्या, गाठ आवळण्याआधी ती ओली करा. कोरडी गाठ घर्षणानं तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो. दोरा उन्हात ठेवू नका. प्रत्येक माशानंतर पुढचा दोरा दोन बोटांतून ओढून पाहा. खरखर लागली, तर तेवढा भाग कापून गळ पुन्हा बांधा. काकाजी म्हणत, ‘दोरा डोळ्यानं नोको, हातानं पाह्य.’

एवढा खटाटोप का? मासा सुटतो, त्याचं फार नाही. पण गळ घशात घेऊन तो गेला, तर ना आपल्या कामाचा, ना तलावाच्या. शिवडा आज जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. शिवाय तुटलेला नायलॉन सहजी कुजत नाही. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यत्वे आपल्या गोंदियात, आणि हा पक्षी याच पाणथळ जागांतून पाय टाकत फिरतो. म्हणून कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. मुख्य दोरीशी असलेली गाठ पुढच्या दोऱ्यापेक्षा थोडी कमी ताकदीची ठेवा. मग दोरा अडकून तुटलाच, तर पाण्यात हातभर तुकडाच राहील, वीस मीटर नाही.

आणखी एक. गावतलावात गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा. तिथल्या माशांवर कुणाचं तरी घर चालतं. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला, तर खाली मरळाची जोडी राखण करत असते. तिथे गळ टाकू नका. पिल्लांचे आईबाप गेले, तर त्यांना इतर मासे मटकावतात.

आजही दोरा बांधताना त्या संध्याकाळचं ते खरखरीत टोक माझ्या बोटांना जाणवतं. गाठ मग मी पुन्हा एकदा ओढून पाहतो.