झेल म्हणजे काय, हे ठरवायला आठ वर्षं

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नियम बदलायचा तर ३२ पैकी २४ संघमालकांची मतं लागतात. मे २०२५ मध्ये एक प्रस्ताव २२ मतांवर अडला. फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक चेंडू हातात येताच मुसंडी मारतो आणि साथीदार त्याला मागून ढकलतात. ‘टश पुश’ नावाचा हा डाव बंद करावा, असं ग्रीन बे पॅकर्सनं सुचवलं होतं. डाव वाचला याचं समाधान आहे, पण त्याआधी काही महिने चाललेली चर्चा मनाला लागली. कधी कारण खेळाडूंच्या सुरक्षिततेचं, कधी खेळाच्या वेगाचं, तर कधी हा डाव फुटबॉलसारखा दिसत नाही याचं. दुखापतींची ठोस आकडेवारी मात्र पुढे आली नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्याला मागून ढकलायला २००५ पर्यंत बंदीच होती आणि पंचांना ती नीट राबवता येत नव्हती म्हणून उठवली गेली, हेही फारसं कुणी लक्षात घेतलं नाही. नियमाची माझ्या लेखी एकच कसोटी आहे: तो मोडला की नाही, हे मैदानावरच्या पंचाला आणि वरच्या सज्जात बसलेल्या प्रेक्षकाला सारखंच दिसलं पाहिजे. या कसोटीवर मागचे बदल घासून पाहिले, तर दुखणं बहुतेक वेळा प्रेक्षकांनी ओळखलेलं दिसतं. औषध चुकलं ते लीगचं.

जुन्या बदलांवर रेंगाळण्याचं कारण नाही. १९७४ मध्ये गोलचे खांब मागे सरकले, १९९४ मध्ये टचडाउननंतर दोन गुणांचा पर्याय आला, १९९९ मध्ये रीप्ले पाहून निर्णय तपासणं पुन्हा सुरू झालं. खरा मोठा बदल १९७८ चा. पास घ्यायला धावणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे बचावपटूनं अडवायचं नाही आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पसरता येतील, असं ठरलं आणि पासचा खेळ मोकळा झाला. तो निर्णय एका सामन्याच्या रागातून आला नव्हता, म्हणून टिकला. उलट ‘टक रूल’ पाहा. जानेवारी २००२ मध्ये बर्फ पडत असताना ओकलंड रेडर्सनं न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला. पाहणाऱ्यांना चेंडू निसटलेला दिसला, नियमानं तो अपुरा पास ठरला. हा नियम रद्द व्हायला २०१३ उजाडलं.

पण ज्या दशकानं प्रेक्षकांचा धीर संपवला, ते २०१० चं. १२ सप्टेंबर २०१० ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सननं शेवटच्या अर्ध्या मिनिटात चेंडू उंच उडी घेऊन पकडला, दोन्ही पाय टेकवले, खाली आला आणि उठता उठता चेंडू जमिनीवर सोडला. झेल अमान्य झाला, कारण पडण्याची क्रिया पूर्ण होईपर्यंत चेंडू ताब्यात हवा होता. लायन्स १४-१९ असे हरले. पंच नियमानं बरोबर होते आणि सगळी चीड त्याचीच होती. जानेवारी २०१५ मध्ये ग्रीन बेमध्ये डॅलसच्या डेझ ब्रायंटचा झेल याच कारणानं गेला. लीगनं त्या वर्षी शब्द बदलले: खेळाडू ‘स्पष्टपणे धावपटू’ झालेला हवा. पंचाला आता आणखी एक गोष्ट मनानं ठरवायची होती. डिसेंबर २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या जेसी जेम्सचा न्यू इंग्लंडविरुद्धचा टचडाउन तसाच पुसला गेला. अखेर मार्च २०१८ मध्ये नियम नव्यानं लिहिला गेला: ताबा, दोन पाय आणि खेळाची एखादी हालचाल. हे २०१० मध्येच करता आलं असतं.

प्रेक्षक आपापल्या संघासाठी ओरडतात, त्यांच्या रागावर नियम कसे बेतायचे, असं यावर म्हटलं जातं. पण मार्च २०१८ चं मतदान ३२-० झालं. त्या तीन निर्णयांचा फायदा झालेल्या शिकागो, ग्रीन बे आणि न्यू इंग्लंडच्या मालकांनीही जुना नियम नको असंच मत दिलं. सज्जातला राग पक्षपाती असता, तर ही एकवाक्यता आली नसती.

राग खरा असला तरी उपाय फसू शकतो, हे मात्र मान्य करायला हवं. २० जानेवारी २०१९ ला रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमननं न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या टॉमीली लुईसला चेंडू पोहोचण्याआधीच धडक दिली आणि पंचांचा नियमभंगाचा झेंडा पडला नाही. आपण लवकर पोहोचलो, असं खुद्द त्यानंच सांगितलं. चाहते कोर्टात गेले, लुइझियानाच्या गव्हर्नरांनी लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिलं. मार्चमध्ये ३१-१ मतांनी पासमधल्या अडथळ्याचा रीप्ले मंजूर झाला. वर्षभर तो कधी लागू झाला, कधी नाही, कुणालाच अंदाज येईना, आणि २०२० मध्ये तो मुदत संपून गेला. लोकांना एक उघड चूक सुधारून हवी होती. लीगनं त्यांना एक नवा अंदाजाचा खेळ दिला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सुरक्षेचं काय? मेंदूच्या दुखापतींवरून माजी खेळाडूंनी खटले भरले, २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. या प्रश्नावर प्रेक्षकांची नाराजी गौणच मानली पाहिजे. पण लीगची कृती पाहा. २०११ मध्ये सुरक्षेसाठी किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, ३० वरून ३५ यार्डांच्या रेषेवर आणली. चेंडू थेट मागच्या पट्ट्यात जाऊन धाव न होण्याचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांच्या आसपास गेलं. पुढच्याच वर्षी गुरुवारचे सामने वाढवले, म्हणजे रविवारी खेळलेल्या शरीरांना मध्ये जेमतेम तीन दिवस. २०२१ मध्ये सतरावा सामना जोडला. सुरक्षा एवढी मोलाची होती, तर ती वेळापत्रक ठरवतानाही आठवायला हवी होती.

किकऑफ मारून टाकायची गरज नव्हती, हे तर लीगनंच २०२४ मध्ये सिद्ध केलं. एक्सएफएल या दुसऱ्या लीगकडून रचना उचलून दोन्ही संघ समोरासमोर उभे केले, लांबून धावत येऊन होणाऱ्या टकरी कमी केल्या आणि परतीच्या धावा पुन्हा दिसू लागल्या. प्रेक्षक तेरा वर्षं हेच मागत होते. मात्र या रचनेत एक गोष्ट गेली. फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये १०-६ असे मागे असलेल्या सेंट्सनी दुसऱ्या सत्राची सुरुवात अचानक ऑनसाइड किकनं, म्हणजे चेंडू जवळच मारून तो स्वतःच मिळवण्याच्या डावानं केली, चेंडू स्वतःच मिळवला आणि पुढे कोल्ट्सना ३१-१७ नं हरवलं. २०२४ च्या रचनेत अशी किक पिछाडीवरच्या संघालाच मारता येईल, आणि तीही आधी जाहीर करून, असं ठरलं. बेसावध प्रतिस्पर्ध्यावरचा तो सगळ्यात धाडसी डाव सुरक्षेच्या कोणत्या कारणानं काढला, हे लीगनं पटेल असं सांगितलेलं नाही.