जलपर्णीचा उरलेला एक टक्का

जलपर्णीचं एक रोप पाण्यातून उचला आणि त्याचा फुगीर देठ बोटांनी दाबून पाहा. आत नुसता स्पंज. देठ आडवा कापला तर हवेने भरलेले बारीक कप्पे दिसतात, मधाच्या पोळ्यासारखे. प्रत्येक रोप आपली होडी सोबत घेऊनच वाढतं! खाली काळसर जांभळ्या मुळांची पिसं, वर फिकट जांभळा तुरा आणि फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसातल्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. या फुलाच्या मोहापायीच माणसाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती जगभर नेली, बागेतल्या हौदात शोभेला. आज मुळा-मुठेवर, इंद्रायणीवर तीच पसरलेली दिसते. कोल्हापूरकडे तिला केंदाळ म्हणतात.

दरवर्षी ती काढायला निविदा निघतात, पोकलेन उतरतात, आणि काही महिन्यांत नदी पुन्हा हिरवी. लोक म्हणतात, काम नीट झालं नाही. कधी ते खरंही असेल. पण काम चोख झालं तरी काय होतं, ते पाहा. मनाजोगतं पाणी आणि ऊन मिळालं की जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, तळ्यातली नव्याण्णव टक्के काढली आणि कडेच्या गाळात एकच टक्का राहिली. एकाचे दोन, दोनाचे चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सातव्या दुपटीला तळं भरलं. म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने. नव्याण्णव टक्क्यांवर केलेला सगळा खर्च हा उरलेला एक टक्का गिळून टाकतो.

शिवाय या रोपात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दहा टनांचा ट्रक भरला, तर त्यातले नऊ टन आपण डिझेल जाळून पाणीच वाहून नेतो. औषध फवारलं तर मेलेली पानं तळाशी जाऊन कुजतात, पाण्यातला प्राणवायू खातात आणि पुढच्या पिढीला खत होतात. सगळी रोपं काढली तरी गाळात बी असतं. फूल सुकलं की दांडा खाली वाकतो आणि बी पाण्यात सोडतो. ते बी वीस वर्षंही जिवंत राहू शकतं.

हिच्यापुढे भलेभले टेकीला आले. 1910 साली अमेरिकेच्या संसदेत एक विधेयक आलं होतं: आफ्रिकेतून पाणघोडे आणून लुइझियानात सोडावेत, ते जलपर्णी खातील आणि लोकांना मांसही मिळेल. ते मंजूर झालं नाही. बंगालमध्ये 1936 साली जलपर्णीविरुद्ध खास कायदा झाला, आणि 1937च्या निवडणुकीत तिचा नायनाट हे पक्षांचं आश्वासन होतं.

तिचा खरा वैरी निघाला तो दाण्याएवढा. धान्यात पडणाऱ्या सोंड्यांच्या जातकुळीतला हा किडा जलपर्णीच्या मायदेशातलाच. तो पानं कुरतडतो, त्याच्या अळ्या देठ पोखरतात, मग होडीत पाणी शिरतं. भारतात 1980च्या दशकात तो बंगळुरूच्या तलावांत सोडला आणि तिथे जलपर्णी हटली. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही 1990च्या दशकात त्याने मोठं काम केलं. पण त्याला काही वर्षांची सवड लागते. आपण दरवर्षी जलपर्णीबरोबर त्यालाही ट्रकमध्ये भरून टाकतो.

आणि जिथे सांडपाणी येतं, तिथे तोही हरतो. शहराच्या मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन ती इतकी फोफावते की किड्याचं खाणं तिच्या वाढीला पुरं पडत नाही. माझ्या मते आपला खरा खर्च इथेच वाया जातो. एका हाताने आपण तिला खाऊ घालतो आणि दुसऱ्या हाताने ती उपसतो.

यंदा तुमच्या गावात जलपर्णीची निविदा निघाली, तर तिची रक्कम जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी एक आकडा मागा: शुद्ध न करता नदीत रोज किती सांडपाणी सोडलं जातं?