सेहेर (शालेय आरोग्य कार्यक्रम)

सेहेर हा बिहार राज्यातील नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत राबवण्यात आलेला किशोरवयीन आरोग्य कार्यक्रम आहे. गोव्यातील संगाथ या स्वयंसेवी संस्थेने तो विकसित केला. शाळेतील वातावरण सुधारल्यास विद्यार्थ्यांमधील नैराश्य व हिंसा कमी होते का, हे तपासणे हा त्याचा प्रमुख हेतू होता.

पार्श्वभूमी

नैराश्याचा प्रतिबंध तीन पातळ्यांवर केला जातो. सार्वत्रिक कार्यक्रम सर्व विद्यार्थ्यांसाठी असतात. निवडक कार्यक्रम अधिक जोखमीच्या गटांसाठी, तर लक्षणाधारित कार्यक्रम सौम्य लक्षणे दिसू लागलेल्यांसाठी असतात. अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील बहुतेक सार्वत्रिक कार्यक्रमांत विचार व भावना हाताळण्याची कौशल्ये वर्गात शिकवली जातात. सेहेरमध्ये वर्गपाठाऐवजी संपूर्ण शाळेवर भर देण्यात आला.

स्वरूप

कार्यक्रमाचे काम तीन स्तरांवर चालत असे. शाळेच्या स्तरावर आरोग्य समिती, परिपाठातील जनजागृती, भित्तिपत्रक, स्पर्धा आणि विद्यार्थ्यांनी आपल्या अडचणी लिहून टाकण्यासाठीची पेटी हे उपक्रम होते. गटस्तरावर समवयस्क विद्यार्थ्यांचे गट व कार्यशाळा, तर वैयक्तिक स्तरावर समुपदेशन उपलब्ध होते.

चाचणी व निष्कर्ष

२०१५–१६ या शैक्षणिक वर्षात नववीच्या विद्यार्थ्यांमध्ये यादृच्छिक नियंत्रित चाचणी घेण्यात आली. निवडलेल्या ७५ शाळा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागल्या गेल्या. त्यांपैकी एक शाळा नंतर बाहेर पडली. पहिल्या गटात प्रशिक्षण दिलेल्या, परंतु व्यावसायिक मानसतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकाने हा कार्यक्रम राबवला. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतील शिक्षकाकडे होते. तिसऱ्या गटात केवळ सरकारचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम सुरू होता; तो इतर दोन्ही गटांतही होता.

द लॅन्सेट या नियतकालिकात २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण लक्षणीयरीत्या सुधारले. नैराश्याची लक्षणे, दमदाटी व हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे काम सोपवलेल्या शाळांत मात्र तिसऱ्या गटाच्या तुलनेत उल्लेखनीय फरक आढळला नाही. अध्यापनाचा भार आणि शिक्षकाजवळ मन मोकळे करण्यातील संकोच ही याची संभाव्य कारणे मानली जातात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात, दुसऱ्या वर्षानंतर समुपदेशक गटातील परिणाम अधिक वाढल्याचे दिसले.

महत्त्व व मर्यादा

एकच उपक्रम कोण राबवतो यावर त्याचे यश अवलंबून असू शकते, हे या चाचणीतून पुढे आले. शिक्षकांवरच आणखी एक जबाबदारी टाकून मानसिक आरोग्याचे काम भागवण्याच्या धोरणाच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दुसरीकडे, प्रत्येक शाळेत स्वतंत्र समुपदेशक नेमण्यासाठी कायमस्वरूपी निधी व देखरेख लागते. ही चाचणी एकाच जिल्ह्यातील होती आणि लक्षणांची नोंद विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारित होती.

सार्वत्रिक कार्यक्रम सर्वत्र उपयुक्त ठरतातच असे नाही. ब्रिटनमधील मिरियड या मोठ्या चाचणीत शाळेतील सजगता प्रशिक्षण नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाही (२०२२). ऑस्ट्रेलियातील वाइज टीन्स या कार्यक्रमानंतर तर सहभागी विद्यार्थ्यांतील नैराश्य व चिंतेची लक्षणे तुलनागटापेक्षा वाढलेली आढळली (२०२३). त्यामुळे असे कार्यक्रम व्यापक प्रमाणावर लागू करण्यापूर्वी त्यांचे लाभ व संभाव्य हानी या दोहोंची तपासणी आवश्यक ठरते.