जुनापाणीची शिळावर्तुळे आणि स्तूपाची पूर्वपीठिका

नागपूरच्या दीक्षाभूमीवर येणारा प्रत्येक उपासक स्तूपासमोर नतमस्तक होतो. त्या भव्य अर्धगोलाकडे पाहताना त्याच्या मनात तथागतांचे आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण जागे होते. परंतु हा आकार मुळात आला कोठून, मृताच्या अवशेषांवर गोल ढीग रचून त्याची स्मृती जपण्याची कल्पना माणसाला कधी सुचली, असा प्रश्न फारच थोड्यांना पडतो. या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा दीक्षाभूमीपासून काही कोसांवरच उघड्या माळावर पडून आहे. नागपूर-काटोल मार्गावर, शहराच्या वायव्येस सुमारे १२ किलोमीटरवर, जुनापाणी नावाचे ठिकाण आहे. तेथील शिळावर्तुळे म्हणजे प्रागैतिहासिक माणसाने आपल्या मृतांसाठी रचलेल्या अश्मराशी होत. बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासकाने त्या एकदा तरी डोळ्यांनी पाहाव्यात, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

विहारातील अभ्यासवर्गातील आम्ही काही मंडळी हिवाळ्यातील एका सकाळी तेथे गेलो. पावसाळ्यात गवत माजते आणि उन्हाळ्यात दगड तापतात, म्हणून हिवाळ्याचे दिवसच या भेटीस योग्य. डांबरी रस्ता सोडून चढणीला लागले की काळी शेतजमीन मागे पडते आणि मुरमाड बरड सुरू होते. प्रथमदर्शनी तेथे काहीच दिसत नाही. इतस्ततः पडलेले काळे धोंडे, खुरटी झुडपे आणि गवत एवढेच. आमच्यापैकी एकाने तर, “यासाठी एवढ्या दूर आलो काय?” असे विचारलेही. पण थोडा वेळ एका जागी उभे राहिले की डोळा सरावतो. धोंडे विखुरलेले नसून ते ओळीने, वाकत जाऊन एकमेकांना मिळतात, हे ध्यानात येते. एक वर्तुळ दिसले की शेजारचे दिसते, मग त्यापलीकडचे. जुनापाणीत अशी सुमारे ३०० वर्तुळे नोंदवली गेली आहेत. आपण माळावर नव्हे, तर एका विस्तीर्ण स्मशानभूमीत उभे आहोत, ही जाणीव त्या क्षणी होते आणि बोलणे आपोआप थांबते.

अशा वर्तुळाची रचना समजून घेणे कठीण नाही. परिघावर मोठमोठे धोंडे एकमेकांना लागून बसवलेले असतात. आतील भागात माती, मुरूम आणि लहान दगड यांची भर घातलेली असते. त्यामुळे मधला भाग किंचित फुगीर दिसतो. उत्खननांत या भरावात काळ्या चिकण मातीचा थर आढळला आहे. या भरावाखाली मृताचे अवशेष आणि त्याच्यासोबत ठेवलेल्या वस्तू असतात. त्यांत काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, बाणांची टोके, तांब्याची कडी आणि मौल्यवान दगडांचे मणी यांचा समावेश होतो. पुरातत्त्वज्ञ या परंपरेला महापाषाण संस्कृती म्हणतात. विदर्भातील तिचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. पहिल्या सहस्रकात येतो. लेखनाचा पुरावा या लोकांनी मागे ठेवलेला नाही. दगड आणि लोखंड हीच त्यांची साक्ष.

या वर्तुळांकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकात गेले. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने येथील काही वर्तुळे उकरली आणि १८७९ साली त्यांविषयीचे विवेचन प्रसिद्ध केले. काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. ब्रिटनमधील प्राचीन दगडांवरील तशाच खुणांशी त्याने त्यांची तुलना केली. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे येथील तीन वर्तुळांचे शास्त्रीय उत्खनन केले. त्यानंतर डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड या नागपूर परिसरातील स्थळांवर जे काम केले, त्यामुळे हे चित्र पुष्कळच स्पष्ट झाले. टाकळघाट येथे वस्ती आणि खापा येथे दफने, अशी जिवंतांची व मृतांची जोडी सापडली. नैकुंडला लोहखनिजापासून लोखंड काढण्याची भट्टी मिळाली. माहुरझरीला घोड्यांचे अवशेष, त्यांचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम मिळाले. सोन्याचे दागिनेही मिळाले. म्हणजे हे लोक रानटी नव्हते. ते लोहार होते, कुंभार होते, मणी घडवणारे कारागीर होते आणि घोड्यावर स्वार होणारे होते.

आम्ही एका वर्तुळाजवळ खळगे मोजत असताना शेळ्या चारणारे एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. “बाबाजी, हे गोटे कोणी मांडले?” असे विचारता ते म्हणाले, “जुने लोक याले गवळ्याइचे गोटे म्हणत. आता तुमी शिकलेले लोक काय म्हणता, ते तुमीच सांगा.” गवळी लोकांशी या वर्तुळांचा संबंध जोडणारी समजूत मध्य प्रांतात एकोणिसाव्या शतकातही प्रचलित होती. त्या वृद्धाने समजूत सांगितली आणि प्रश्न आमच्याकडेच परतवला. त्याला उत्तर देणे आम्हांस भाग होते. आणि खरी कसोटी येथेच लागते.

कारण आपल्या मनात एक उत्तर आधीपासून तयार असते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी धर्मांतरासाठी हे शहर का निवडले, याचा खुलासा केला. त्यांनी नाग लोकांचा आणि त्यांनी केलेल्या बौद्ध धम्माच्या प्रसाराचा आवर्जून उल्लेख केला. साहजिकच या माळावर उभे राहिल्यावर, “ही आपल्या नाग पूर्वजांचीच स्मारके” असे म्हणावेसे वाटते. पण या दगडांवर कोणाचेही नाव कोरलेले नाही. हाडे आणि भांडी आपल्या वंशाचे वा जमातीचे नाव सांगत नाहीत. जे सिद्ध झालेले नाही ते सिद्ध झाले म्हणून सांगणे ही पूर्वजांची सेवा नव्हे. अस्पृश्यतेच्या उगमाविषयी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी इतिहासातील दुवे तुटलेले असताना अनुमान कसे करावे, याची चर्चा केली आहे. अनुमानाला त्यांची ना नव्हती; मात्र अनुमान हे अनुमान म्हणूनच मांडले पाहिजे, ही शिस्त त्यांच्या लेखनातून आपण शिकतो. म्हणून त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले: “अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी याच भागात राहणाऱ्या, लोखंड घडवणाऱ्या लोकांच्या या समाध्या आहेत.” त्यांचे समाधान झाले. आमचेही व्हावयास हरकत नव्हती.

मग बौद्ध अभ्यासकाने येथे येण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, स्तूप आकाशातून पडला नाही. अवशेषांवर गोल राशी रचण्याची प्रथा बुद्धपूर्व भारतात होती, याचा ग्रंथगत पुरावा विरोधी परंपरेतूनच मिळतो. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात समाधीच्या आकाराविषयी विवेचन आहे. दैवी प्रजा आपली स्मशाने चौकोनी करते आणि आसुरी प्रजा, म्हणजे प्राच्य व इतर लोक, ती वर्तुळाकार करतात, असे तेथे म्हटले आहे. हे विधान पूर्वेकडील लोकांविषयी आहे, विदर्भाविषयी नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही गोल समाधी ही वैदिक परंपरेच्या दृष्टीने परक्यांची खूण होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

त्याच कांडात पुढे समाधीची उंची किती असावी, याचे नियम आहेत. क्षत्रियाची हात वर केलेल्या पुरुषाएवढी, ब्राह्मणाची मुखापर्यंत, स्त्रीची कटीपर्यंत, वैश्याची मांड्यांपर्यंत आणि शूद्राची गुडघ्यापर्यंत! मेल्यानंतरही वर्ण सुटत नाही; मातीचा ढीगसुद्धा जन्मावरून मोजला जातो. जुनापाणीच्या माळावर उभे राहून हे वचन आठवले की अंगावर काटा येतो. मात्र शिळावर्तुळांतील समाज समतेचा होता, असाही भ्रम बाळगू नये. कोणाबरोबर घोडा आणि सोने पुरले जाते, कोणाबरोबर चार मडकी. संपत्तीचा आणि सामर्थ्याचा भेद तेथेही दिसतो.

या पार्श्वभूमीवर महापरिनिब्बान सुत्त वाचले असता तथागतांच्या क्रांतीचे मोल कळते. स्तूपास पात्र असे चारच जण, असे भगवंत आनंदाला सांगतात: सम्यक संबुद्ध, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. यांतील पहिल्या तिघांची पात्रता जन्माने नव्हे, तर प्रज्ञेने आणि शीलाने ठरते. आणि चौथा राजा असला तरी तो धम्माने राज्य करणारा असावा लागतो. श्रावक कोणत्या कुळातला, हा प्रश्नच नाही. स्तूप कोठे असावा? चार महामार्ग मिळतात तेथे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. जुनी अश्मराशी वस्तीपासून दूर बरडावर होती. स्तूप लोकांच्या वाटेवर आला. जुन्या राशीत मृताच्या उपयोगासाठी शस्त्रे व अलंकार ठेवले जात. स्तूप जिवंतांच्या चित्तात प्रसन्नता उत्पन्न व्हावी म्हणून उभा राहिला. आकार लोकांचा होता, अर्थ बुद्धाने दिला. पुढे कुशिनारा येथे द्रोण ब्राह्मणाने अस्थींचे आठ भाग केले, आणि रिकामा कुंभ व चितेतील निखारे यांवरही स्तूप उभे राहून त्यांची संख्या दहा झाली. हा सर्व वृत्तांत त्याच सुत्तात आहे.

कालाच्या दृष्टीनेही हा दुवा विचार करण्याजोगा आहे. टाकळघाट-खापा येथील कार्बन-१४ कालमापन इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आसपास येते. म्हणजे गंगेच्या खोऱ्यात भगवंत चारिका करीत होते, त्या काळाच्या मागेपुढेच विदर्भात हे धोंडे ओढले जात होते. त्यानंतर काही शतकांतच भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे, वैनगंगेच्या काठी, भव्य स्तूप उभे राहिलेले दिसतात. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी १९६९-७० मध्ये तेथे उत्खनन केले. मुचलिंद नागाचे शिल्प आणि ब्राह्मी लेख तेथे मिळाले. वर्तुळे रचणाऱ्यांचेच वंशज पवनीच्या स्तूपाचे उपासक होते काय, हे आज सिद्ध करता येत नाही. पण एकाच भूमीत गोल राशीची परंपरा आणि स्तूप एकामागून एक आलेले आहेत, हे मात्र सिद्ध आहे. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमजवळ थोटलकोंडा नावाच्या टेकडीवर विहार व स्तूप आहेत, आणि त्यांच्या परिसरात अनेक लहान अश्मराशींची नोंद झालेली आहे. तेथे तर विहार आणि अश्मराशी एकमेकांच्या सान्निध्यात दिसतात.

आता भेट देणाऱ्यांसाठी दोन शब्द. हे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेले आहे. १९५८ चा स्मारक कायदा त्याला लागू आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. तरीही विदर्भातील कितीतरी वर्तुळे शेती, मुरूम-खाणी आणि वाढत्या वस्त्या यांच्या पोटात गेली. परिघातील एक धोंडा हलला तरी वर्तुळाची साक्ष कायमची मोडते. म्हणून येथे जाताना धोंड्यावर चढू नये, त्याला रंग वा शेंदूर लावू नये, त्यावर नाव कोरू नये, खापराचा तुकडाही घरी नेऊ नये. फुले वाहण्याचीही आवश्यकता नाही. घ्यावयाचेच तर वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घ्यावी. मुलांना वर्तुळाचा व्यास मोजावयास आणि खळगे असलेल्या धोंड्याची दिशा टिपावयास सांगावे. मोजण्याची सवय लागली की भोळी समजूत आपोआप गळते.

अशा स्थळांचा आदर का करावा, असे कोणी विचारले तर उत्तर पुन्हा त्याच सुत्तात आहे. वज्जींचा ऱ्हास न होण्याची जी सात कारणे भगवंतांनी सांगितली, त्यांत आपल्या नगरातील आणि नगराबाहेरील जुन्या चेतियांचा मान राखणे, हे एक आहे. ती चेतिये बुद्धाची नव्हती. ती त्यांच्या आधीच्या लोकांची होती. ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके पुसला गेला, त्याने दुसऱ्या कोणाच्या स्मृतीचा दगड हलू देऊ नये, मग तो दगड आपला असल्याचे सिद्ध होवो वा न होवो.

उतरताना आम्ही शेवटच्या वर्तुळापाशी काही क्षण उभे राहिलो. सतिपट्ठान सुत्तात स्मशानातील देहाकडे पाहून, आपला देहही याच स्वभावाचा आहे, असे चिंतन करण्यास सांगितले आहे. तेथे त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागला नाही. दुपारपर्यंत आम्ही दीक्षाभूमीवर परतलो. स्तूपाला वंदन करताना आमच्यापैकी ज्याने सकाळी तक्रार केली होती, तोच म्हणाला, “आज हा गोल नीट दिसला.”