खाली दवाखाना, वर घरे: शेजारी अशी इमारत येत असेल तर काय पाहाल?

पनवेलच्या माझ्या दवाखान्यात एक काका नियमित येतात. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे त्यांना आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास डायलिसिस घ्यावे लागते. ते राहतात चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. दोनदा त्यांनी डायलिसिस चुकवले आणि दोन्ही वेळा दम लागून भरती व्हावे लागले. कारण विचारले तर म्हणाले, "डॉक्टर, मशीनची भीती नाही वाटत, जिन्याची वाटते."

त्याच आठवड्यात एक ताई वेगळाच प्रश्न घेऊन आल्या. त्यांच्या सोसायटीशेजारच्या प्लॉटवर खाली आरोग्य केंद्र आणि वर परवडणारी छोटी घरे अशी इमारत होणार, अशी चर्चा होती. "घरात लहान बाळ आहे. आजार पसरणार नाहीत ना? सोसायटीच्या हरकतीच्या पत्रावर सही करू का?"

या लेखात दोघांच्याही प्रश्नाकडे पाहू.

घर आणि उपचार जवळ असल्याने काय होते?

बरेच उपचार एका भेटीत संपत नाहीत. क्षयरोगाची औषधे किमान सहा महिने घ्यावी लागतात. कर्करोगाची रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. रिक्षाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजंदारी यांमुळे उपचार मध्येच सुटतात, आणि अर्धवट उपचार म्हणजे आजाराला मोकळे रान.

पनवेलमध्ये ही गरज ठळक दिसते. खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संस्था आहे आणि तिथे देशभरातून रुग्ण येतात. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल असे झपाट्याने वाढणारे भाग आहेत. इथे लोकांना घरही हवे आणि दवाखानाही.

आजार पसरेल का?

ही भीती नैसर्गिक आहे. पण प्रत्येक आजार वेगळा असतो.

- कर्करोग संसर्गजन्य नाही. बाहेरून यंत्राने रेडिएशन घेतलेल्या रुग्णाच्या शरीरातून किरण बाहेर पडत नाहीत. उलट केमोथेरपीमुळे त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून आपल्या सर्दी-खोकल्याचाच त्याला धोका असतो.
- मूत्रपिंडविकार, मधुमेह, रक्तदाब हे शेजाराने होत नाहीत. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. लिफ्टच्या बटणावरून किंवा जिन्याच्या कठड्यावरून नाही.
- फुप्फुसाचा क्षयरोग मात्र हवेतून पसरतो. योग्य औषधे सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. जास्त धोका निदान न झालेल्या रुग्णाकडून असतो, आणि केंद्र जवळ असेल तर निदान लवकर होते.

२०२१ मध्ये परळला हा प्रश्न थेट समोर आला. म्हाडाची १०० घरे टाटा रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचे ठरले, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली. त्यांच्या इतर मुद्द्यांसोबत आरोग्याची चिंताही होती. जूनमध्ये निर्णयाला स्थगिती मिळाली आणि नंतर भोईवाड्यात बॉम्बे डाईंग गिरणीच्या जागेवरील घरे देण्याचे ठरले. रहिवाशांना दोष देणे सोपे आहे. पण कोणता आजार पसरतो आणि कोणता नाही, हे आधीच त्यांच्यासोबत बसून कोणीतरी समजावायला हवे. ते काम आम्हा डॉक्टरांचेही आहे.

मग खरी काळजी कशाची?

इमारत कशी बांधली जाते, याची. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातील तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसोबत केला होता. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती एकमेकींना अगदी खेटून आहेत. तिथे क्षयरोगाचे प्रमाण पीएमजीपी वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले. या तिसऱ्या वसाहतीत इमारतींमध्ये मोकळी जागा जास्त आहे. ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर त्रास अधिक होता. या इमारतींमध्ये खाली रुग्णालय नव्हते. आजाराला वाव दिला तो कोंदटपणाने.

म्हणून दवाखाना नको म्हणण्यापेक्षा अंधारी, कोंदट इमारत नको म्हणणे जास्त उपयोगाचे.

आराखडा पाहताना हे विचारा

१. दरवाजे आणि जिने वेगळे आहेत का? ओपीडीची रांग रहिवाशांच्या जिन्यात उभी राहू नये.

२. रुग्ण थांबतात ती जागा मोकळी आहे का? समोरासमोर खिडक्या असल्या की हवा खेळती राहते. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंद एसी खोलीत दाटीवाटीने बसवणे त्याच्या अगदी उलट आहे.

३. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावते का? वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का?

४. उतार सौम्य आहे का? एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी हवी. त्यापेक्षा उभा उतार व्हीलचेअरसाठी धोक्याचा.

५. प्रत्येक घरात उजेड येतो का? प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाचे घर लहान असते. एवढ्या लहान घरात एक खिडकी कमी झाली तरी फरक पडतो. सर्वात खालच्या घरात ऊन येईल का, हे आवर्जून विचारा.

६. पावसाळ्यात पाणी शिरेल का? गाढी नदीचे पाणी पनवेलकरांना नवीन नाही. जोते उंच हवे. विजेचे पॅनेल आणि लसींचा फ्रिज पाण्याच्या पातळीच्या वर हवा. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकतात.

७. दवाखान्याचा कचरा कुठे ठेवणार? २०१६ च्या नियमांनुसार तो पिवळा, लाल, पांढरा आणि निळा अशा रंगांत वेगळा करावा लागतो. त्याची कुलूपबंद खोली रहिवाशांच्या कचराकुंडीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी.

८. अ‍ॅम्ब्युलन्स कुठे थांबेल, जनरेटरचा धूर कुठे जाईल? तो कोणाच्या बेडरूमकडे जाऊ नये. शेजाऱ्यांची ही तक्रार रास्त असते.

९. काही खोल्या थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी आहेत का? बाहेरगावच्या रुग्णाला एक स्वच्छ खोली आणि सामायिक स्वयंपाकघर मिळाले की पथ्याचे खाणे घरच्यासारखे करता येते.

परवानगी महापालिकेकडून की सिडकोकडून, हे प्लॉट कोणत्या भागात आहे त्यावर ठरते. विकासकाचा नोंदणीकृत प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर माहिती पाहता येते. हे प्रश्न आराखडा मंजूर होण्याआधी विचारा. भिंती उभ्या राहिल्यावर खिडकी मागून मिळत नाही.

तुम्ही आधीच कोंदट घरात राहत असाल तर

- दिवसातून काही वेळ समोरासमोरच्या खिडक्या-दारे उघडी ठेवा. खिडकीपुढे कपाट ठेवू नका.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त जाणे यांपैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते.
- डायलिसिस किंवा केमोथेरपी सुरू असेल तर येण्या-जाण्याची अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. वेळ बदलता येते, जवळचे केंद्र शोधता येते. न सांगता उपचार चुकवू नका.

त्या ताईंना मी सही करा किंवा करू नका, असे सांगितले नाही. वरचे प्रश्न कागदावर लिहून दिले. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी ते वाचून दाखवले आणि हरकतीच्या पत्राऐवजी प्रश्नांचे पत्र द्यायचे ठरले. त्यांच्या यादीत पहिला प्रश्न लिफ्टचा आहे. त्यांच्या सासूबाईंचेही गुडघे दुखतात.