‘लिंक नाही’ म्हणजे बिघाड नेमका कुठे? लूपबॅक चाचणी आणि तुमचा धान्याचा हक्क

शासकीय उचित मूल्य दुकानात किंवा चॉइस सेंटरवर ‘लिंक नाही, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर रिकाम्या हाताने परतण्याआधी ही माहिती वाचा. बिघाड यंत्रात आहे, तारेत आहे की पलीकडच्या सर्व्हरमध्ये, हे काही मिनिटांत कळू शकते. बिघाड कुठेही असला तरी धान्यावरचा तुमचा हक्क संपत नाही.

ही माहिती कोणासाठी?

भिलाई-दुर्ग भागात राहणाऱ्या सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी. गोंदिया, भंडारा किंवा नागपूरकडून कामासाठी इथे आला असाल आणि ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत महाराष्ट्राच्या कार्डावर धान्य घेत असाल, तर तुमच्यासाठी ती जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या कार्डाचा तपशील इथल्या दुकानाच्या यादीत नसतो. तो ऑनलाइनच येतो. त्यामुळे लाइन बंद पडली की पहिली अडचण तुमची होते.

लूपबॅक चाचणी म्हणजे काय?

विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो. लूपबॅकमध्येही तसेच होते. यंत्राने पाठवलेला संदेश मध्येच एका ठिकाणाहून त्याच यंत्राकडे परत वळवला जातो. संदेश जसाच्या तसा परत आला, तर त्या ठिकाणापर्यंतची लाइन ठीक आहे. मग वळण थोडे पुढे नेतात आणि पुन्हा तपासतात. ज्या टप्प्यावर संदेश परत येणे थांबते, तिथेच बिघाड असतो. नळाला पाणी नसले की आपण आधी टाकी, मग पाइप, मग तोटी बघतो, तसाच हा क्रम आहे.

चाचणी कशी होते?

हे काम केंद्रचालक किंवा लाइन दुरुस्त करणारा तंत्रज्ञ करतो. तुम्हाला फक्त क्रम माहीत असावा.

१. संगणकाची स्वतःची चाचणी: केंद्रचालक संगणकावर ‘पिंग १२७.०.०.१’ ही आज्ञा देतो. हा पत्ता जगातल्या प्रत्येक संगणकात स्वतःसाठीच राखून ठेवलेला असतो. उत्तर आले तर आतली नेटवर्क व्यवस्था चालू आहे. हा संदेश संगणकाबाहेर जातच नाही. म्हणून ‘पिंग आला, म्हणजे तारही ठीक’ असे समजू नये.

२. सॉकेटची चाचणी: तंत्रज्ञाकडे लूपबॅक प्लग असतो. साध्या प्लगमध्ये पहिली पिन तिसरीला आणि दुसरी सहावीला जोडलेली असते, म्हणजे पाठवणारी तार घेणाऱ्या तारेला. प्लग लावल्यावर दिवा लागला, तर सॉकेट बहुधा चांगले आहे.

३. केबलची चाचणी: तोच प्लग आता केबलच्या दुसऱ्या टोकाला लावतात. आधी लागलेला दिवा आता लागला नाही, तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या टोकाच्या जोडणीत आहे.

४. बाहेरच्या लाइनची चाचणी: लीज लाइन असेल तर मोडेमवर लूप करून एक्स्चेंजकडून चाचणीचा संदेश पाठवतात. तो परत गेला तर मोडेमपर्यंतची लाइन ठीक आहे. चाचणी चालू असताना काम बंद राहते. चाचणी संपल्यावर लूप काढावाच लागतो, नाहीतर चांगली लाइनही बंद दिसते.

५. फायबर असेल तर: घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये बहुतेक वेळा एकाच तंतूतून जाणारा व येणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीचा असतो. तिथे तंतूची दोन टोके जोडून लूप करता येत नाही. डब्यावरचे दिवे बघावेत. ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाश पोहोचत नाही. फायबर तुटली, वाकली किंवा सैल झाली असावी. फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

काही ई-पॉस यंत्रे मोबाइल सिमवर चालतात. तिथे प्लग लावायला तार नसते. सिग्नल बघणे, जागा बदलणे किंवा दुसऱ्या कंपनीचे सिम लावून बघणे, हाच मार्ग.

यंत्रावरचा संदेश नीट वाचा

अंगठा दिल्यावर ‘एरर ३००’ आला, तर त्याचा अर्थ बोटाचा ठसा जुळला नाही. हे उत्तर आधार यंत्रणेकडून आलेले आहे, म्हणजे लाइन चालू आहे. अशा वेळी ‘लिंक नाही’ हे कारण बरोबर नाही. दुसरे बोट द्या किंवा डोळ्यांचा किंवा ओटीपीचा पर्याय आहे का, ते विचारा. काहीच उत्तर न येता वेळ संपला, तरच लाइन किंवा सर्व्हर तपासायचा.

कधी संदेश पोहोचतो, पण उत्तर परत येताना लाइन तुटते. तेव्हा पावती निघत नाही, पण धान्य दिल्याची नोंद झालेली असू शकते. ‘मेरा राशन’ ॲपमध्ये त्या महिन्याचा व्यवहार तपासा. नोंद असेल आणि धान्य मिळाले नसेल, तर त्याच दिवशी तक्रार करा.

लाइन बंद असताना तुमचा हक्क

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना सूचना दिल्या. नेटवर्क किंवा अन्य तांत्रिक कारणाने ओळख पटली नाही, तर आधार कार्ड व शिधापत्रिका पाहून धान्य द्यावे आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. हक्काचे धान्य मिळालेच नाही, तर कायद्याच्या कलम ८ मध्ये अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे.

दुकानात काय करावे?

• शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्या.
• तारीख, वेळ आणि यंत्रावरचा संदेश लिहून घ्या. जमल्यास फोटो काढा.
• ‘लाइनची तक्रार नोंदवली का? क्रमांक काय?’ असे शांतपणे विचारा. दुकानदारही लाइन बंद पडल्याने अडलेला असतो.
• वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य देण्याची मागणी करा.
• धान्य हातात येण्याआधी कोऱ्या पावतीवर सही किंवा अंगठा देऊ नका.

तक्रार कुठे करावी?

रेशनसाठी हेल्पलाइन १९६७. दुसऱ्या राज्याच्या कार्डासाठी १४४४५. आधारच्या अडचणीसाठी १९४७. तिथे दाद लागली नाही, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे जाता येते. अर्जात ‘लिंक नव्हती’ एवढेच लिहू नका. किती वाजता, कोणत्या संदेशावर काम थांबले आणि लाइन तपासली गेली का, ते लिहा. त्यामुळे बिघाड शोधायला सोपे जाते आणि तुमची तक्रार टाळता येत नाही.