परीक्षा बिघाडाची: नेटवर्क सर्टिफिकेटांची तीन दशकं

१९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ऑफिसातलं नेटवर्क म्हणजे बहुधा नॉव्हेल कंपनीचं नेटवेअर असे, आणि ते सांभाळणाऱ्याला ‘सर्टिफाइड नेटवेअर इंजिनिअर’, म्हणजे सीएनई, हे बिरुद हमखास नोकरी मिळवून देई. परीक्षा पर्यायी उत्तरांच्या होत्या. मार्गदर्शक पुस्तकं निघाली, झटपट अभ्यासवर्ग निघाले आणि दशक संपण्याआधीच अमेरिकेत ‘पेपर सीएनई’ हा टोमणा रूढ झाला. नावापुढे अक्षरं आहेत, पण सर्व्हरला कधी हात लागलेला नाही, असा इसम. मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईच्या वाट्यालाही पुढे तोच टोमणा आला. विंडोज एनटीच्या रेट्यात नेटवेअर मागे पडलं आणि सीएनईची पतही त्याच्याबरोबर गेली. सर्टिफिकेटं कुचकामी असतात म्हणणारे आजही हाच दाखला देतात. पण तीन दशकांचा इतिहास सलग पाहिला तर त्यातून वेगळं काही निघतं. सर्टिफिकेट काढणारी कंपनी किती मोठी, यापेक्षा काम न येणाऱ्या माणसाला ते मिळवणं किती अवघड, यावर त्याची पत ठरत आली आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा राउटर बनवणाऱ्या सिस्कोच्या सीसीआयई या सर्टिफिकेटात सापडतो. १९९३ साली सुरू झालेल्या या परीक्षेचा पहिला क्रमांक, १०२४, कोणा माणसाला नव्हे तर परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच दिला होता (संगणकवाल्यांची गंमत अशीच असते). प्रात्यक्षिक दोन दिवसांचं असे. उमेदवाराने नेटवर्क उभं करायचं. दुसऱ्या दिवशी परीक्षक त्याच नेटवर्कमध्ये गुपचूप बिघाड करून ठेवी आणि उमेदवाराने ते हुडकून दुरुस्त करायचे. पाठांतराला इथे वावच नव्हता, कारण नेटवर्क कुठे मोडणार हे कोणत्याच पुस्तकात छापलेलं नसे. २००१ मध्ये ही परीक्षा एका दिवसावर आली आणि बिघाड शोधण्याचा स्वतंत्र भाग गळाला. उमेदवार वाढले होते, त्यामुळे हा निर्णय समजण्याजोगा होता. पण परीक्षेतले प्रश्न आधीच फुटतात ही ओरडही वाढत गेली. २००९ मध्ये रूटिंग-स्विचिंगच्या सीसीआयईत दोन तासांचा बिघाडशोधाचा भाग परत आणावा लागला. आपल्या परीक्षेचा कणा कोणता, हे कंपनीलाच आठ वर्षांनी कबूल करावं लागलं, असं मी समजतो.

खालच्या पायरीवर पाठांतराविरुद्धची ही लढाई आणखी चिवट झाली. १९९८ मध्ये सिस्कोचंच सीसीएनए आलं आणि नेटवर्कची परीक्षा नवशिक्याच्या आवाक्यात आली. पाठोपाठ ‘डंप’ही आले, म्हणजे परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्नसंच. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल मांडलं होतं, की पदवी हा संकेत तेव्हाच उपयोगी ठरतो, जेव्हा अपात्र माणसाला तो मिळवणं पात्र माणसापेक्षा महाग पडतं. डंपने नेमका हाच फरक पुसला. पर्यायी उत्तरांच्या जोडीला राउटरवर प्रत्यक्ष आज्ञा द्यायला लावणारे प्रश्न आले ते याच दुखण्यावर उपाय म्हणून. त्याने दुखणं कमी झालं, गेलं नाही.

सर्टिफिकेटांवर आक्षेप दोन बाजूंनी येतात. अनुभव असताना कागद कशाला, हा पहिला. पण अनुभव म्हणजे नेमकं काय, हे तपासावं लागतं. पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांच्या एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रात, एल-वनचा (पहिल्या पायरीचा) अभियंता रात्रपाळीत अलार्म बघतो, तिकीट काढतो आणि वर पाठवतो. वर्षं उलटली तरी त्याला राउटरचं कॉन्फिगरेशन बदलायची परवानगी नसते. त्याचा अनुभव खोटा नाही, अरुंद आहे. नोकरीत कधी समोर न आलेले ओएसपीएफ नि बीजीपी हे मार्ग ठरवणारे प्रोटोकॉल अभ्यासायला परीक्षा त्याला भाग पाडते. दुसरा आक्षेप असा, की हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. यात तथ्य आहे. सिस्कोचा गोल्ड पार्टनर व्हायला अनेक वर्षं चार सीसीआयई पदरी असावे लागत, म्हणजे मागणीचा एक भाग कंपनीनेच निर्माण केला होता. सीसीएनएच्या एका प्रयत्नाची फी ३०० डॉलर, आणि तीन वर्षांनी नूतनीकरण. भारतातल्या नवख्याला ही रक्कम बोचते. मात्र यातून परीक्षा महाग आहे एवढंच सिद्ध होतं, ती पोकळ आहे असं नाही.

क्लाउड आणि ऑटोमेशनमुळे हे सगळं मोडीत निघेल, हे भाकीत तर दहा वर्षं ऐकू येतंय. २४ फेब्रुवारी २०२० ला सिस्कोने सीसीएनएच्या अनेक शाखा मोडून एकच परीक्षा केली, तेव्हा ऑटोमेशनला दहा टक्के वजन दिलं आणि आयपी जोडणीला पंचवीस. हे प्रमाण मला रास्त वाटतं, आणि का ते एका जुन्या घटनेतून दिसतं. २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमला देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. पण तिने जाहीर केलेला /२४ मार्ग बाहेर पसरला आणि जगाची वाहतूक तिकडे वळली. यूट्यूबचा स्वतःचा मार्ग /२२ होता, आणि राउटर अधिक नेमका मार्ग निवडतो (तिरप्या रेघेपुढचा आकडा मोठा, तर पत्त्यांचा गट लहान आणि मार्ग अधिक नेमका). दोन तासांहून थोडा जास्त वेळ चाललेल्या या गोंधळामागचा नियम सीसीएनएच्या अभ्यासक्रमात आहे. एखाद्या स्क्रिप्टने शंभर राउटरवर चुकीचा मार्ग लिहिला, तर तो ओळखायलाही हाच नियम माहीत असलेला माणूस लागेल.

म्हणून उमेदवार निवडणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. बायोडेटावरची सर्टिफिकेटं मोजू नका आणि धुडकावूही नका. तीन राउटरांचं बिघडवलेलं नेटवर्क समोर ठेवा आणि अर्धा तास द्या. त्यासाठी राउटर विकत घ्यावे लागत नाहीत, नेटवर्कची नक्कल करणारं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.